एएएमसीच्या एमकॅट सराव परीक्षा: पैसे वसूल, पण कॅलेंडर समोर ठेवून सोडवा

आधी निकाल सांगतो, सुनावणी मागून. अमेरिकेत मेडिकलची प्रवेश परीक्षा, म्हणजे एमकॅट, घेणारी जी संस्था आहे, एएएमसी, ती स्वतःच सराव परीक्षाही विकते. आम्ही घेतल्या तेव्हा एक पूर्ण लांबीची फुकट होती, बाकीच्या प्रत्येकी ३५ डॉलरला. त्यांना माझ्याकडून पाचपैकी साडेचार. तारीख बदलून देण्याची सोयही हीच संस्था विकते (हो, विकते, देत नाही), तिला तीन. आणि ज्या खासगी क्लासने भलंमोठं पॅकेज आमच्या गळ्यात मारलं, त्याच्या सराव परीक्षांना एक. तोही वेबसाइट देखणी होती म्हणून.

मी डॉक्टर नाही, डेटाबेसवाला माणूस आहे. लेक कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला, प्री-मेड, म्हणजे पुढे मेडिकलला जायच्या तयारीतली. तिने मेच्या मध्यावरची तारीख घेऊन ठेवली होती, सेमिस्टर संपल्यावर लगेचची. मार्च उजाडला तसा घरात एकच विषय सुरू झाला: ढकलायची का? जेवताना तोच, गाडीत तोच. सोलापूरला फोन लावला तर आजीने विचारलं, "झाली का गं परीक्षा?" लेक म्हणाली, "नाही आजी, बहुतेक पुढे ढकलणार." पलीकडे जरा शांतता, मग फोन माझ्याकडे द्यायचा हुकूम. "अरं, परीक्षा पोरांनी पुढं ढकलायची असती व्हय? बोर्डानं दिली का परवानगी?"

आईला समजावणं अवघड होतं, कारण तिचं म्हणणं आमच्या पिढीच्या हिशेबाने बरोबरच आहे. आमच्या वेळी परीक्षा पुढे जायची ती पेपर फुटला म्हणून किंवा दंगल झाली म्हणून. इथं जानेवारीच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तारखा असतात आणि त्यातली आपली आपण निवडायची. स्वातंत्र्य आहे, पण त्याचा ताप परीक्षेइतकाच.

ज्यांच्या घरात हे प्रकरण अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सुट्ट्या धरून साडेसात तासांचा कार्यक्रम असतो. चार सेक्शन, २३० प्रश्न. रसायन-भौतिक, मग कार्स (म्हणजे उतारे वाचून उत्तरं), मग जीवशास्त्र-जीवरसायन, शेवटी मानसशास्त्र-समाजशास्त्र. प्रत्येक सेक्शनला ११८ ते १३२ गुण, बेरीज ४७२ ते ५२८. ५०० म्हणजे साधारण मधोमध. ज्यांना प्रत्यक्ष प्रवेश मिळतो त्यांची सरासरी अलीकडे ५११-५१२ च्या आसपास असते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कॅल्क्युलेटर नाही. हे शेवटचं ऐकून मला मनातून बरं वाटलं, ते असो.

आता माल कसा आहे ते.

सराव परीक्षा ब्राउझरमध्ये चालते आणि दिसायला-वागायला खऱ्या परीक्षेसारखीच आहे. ओळी पिवळ्या करता येतात, नको तो पर्याय खोडता येतो, प्रश्नाला झेंडा लावून नंतर परत येता येतं, आवर्तसारणी एका बटणावर उघडते. वेळ संपली की सेक्शन आपोआप बंद, विनवण्या चालत नाहीत. सुट्ट्याही तशाच: पहिल्या सेक्शननंतर दहा मिनिटं, कार्सनंतर तीस, पुन्हा दहा.

आमची पद्धत अशी: शनिवारी सकाळी आठला जेवणाचं टेबल रिकामं, फोन खणात, टीव्ही बंद, मी आणि बायको वरच्या मजल्यावर हद्दपार. खऱ्या सेंटरवर कच्च्या कामाला कागद-पेन्सिल देत नाहीत, लॅमिनेटेड पानांची वही आणि बारीक टोकाचा मार्कर देतात, म्हणून तसलीच एक वही मागवली. लेक डावखुरी. पहिल्याच परीक्षेत निम्मं गणित वहीवर कमी आणि तळहातावर जास्त उमटलं. मग तिने वही आडवी फिरवून वरून खाली उभं लिहायची सवय केली. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण ९५ मिनिटांत ५९ प्रश्न असताना पुसलेला लॉगॅरिदम पुन्हा मांडायला लागला तर अर्धा पॅसेज हातचा जातो. दुसरं उदाहरण जेवणाचं. कार्सनंतरच्या अर्ध्या तासात तिच्या आईने प्रेमाने पोळी-भाजी-भात वाढला आणि जीवशास्त्राच्या दुसऱ्या पॅसेजला पोरगी पेंगायला लागली. असल्या गोष्टी तुकड्या-तुकड्यांनी सराव करून कळत नाहीत. त्यासाठी सलग साडेसात तास बसावंच लागतं, आणि फुकटची परीक्षाही ते काम चोख करते.

पण मुख्य उपयोग वेगळाच आहे. तारीख ढकलायची की नाही या प्रश्नाला "तुला तयारी झाल्यासारखी वाटते का?" हा आधार घेतलात तर उत्तर कायम "नाही" येणार. आमच्या लेकीला दहावीच्या स्पेलिंग स्पर्धेआधीही तयारी झाल्यासारखं वाटलं नव्हतं. वाटण्यावर सोडलं तर माणूस सप्टेंबरपर्यंत ढकलत राहील. आधार हवा तो गुणांचा, आणि गुण हवेत खऱ्या परीक्षेच्या जातीचे.

इथं खासगी क्लासची कथा सांगितलीच पाहिजे. पॅकेजमध्ये त्यांच्या स्वतःच्या बऱ्याच पूर्ण परीक्षा होत्या. त्यातल्या एकीत लेकीला ४९४ पडले. खोलीचं दार बंद, रडारड, आणि रात्री "बाबा, मी मेडिकल सोडून पब्लिक हेल्थ करते" इथपर्यंत गाडी गेली. दुसऱ्या दिवशी क्लासच्या सल्लागाराचा फोन आला. त्याचं म्हणणं, हे वर्ष सोडून द्या, परीक्षा पुढच्या वर्षी द्या, आणि मधल्या काळासाठी त्यांच्याकडे वाढीव पॅकेज आहेच. त्याच आठवड्याच्या शेवटी तिने एएएमसीची फुकट परीक्षा सोडवली: ५०२. आठवड्याभरात कुणी आठ गुण हुशार होत नाही. खासगी परीक्षांत गुण बरेचदा कमी पडतात हे इथल्या प्री-मेड पोरांना तोंडपाठ असतं, पण स्क्रीनवर स्वतःचा आकडा दिसला की तोंडपाठ ज्ञान कामाला येत नाही. ज्या दुकानदाराला तुम्ही पुन्हा यावं असं वाटतं, त्याच्या काट्यावर आपलं वजन करून घेऊ नये. क्लासचे प्रश्न सरावाला वापरा, खुशाल वापरा. निर्णयाला वापरू नका.

अधिकृत आकडाही डोळे झाकून घ्यायचा नसतो. एएएमसी स्वतःच सांगते की एकूण गुणांना वर-खाली दोन गुणांचा आणि सेक्शनला एका गुणाचा पट्टा धरा. म्हणजे ५०२ हा खरं तर ५०० ते ५०४ असा आकडा आहे. एका शनिवारी ५०२ आणि पुढच्या परीक्षेत ५०४ आले म्हणजे प्रगती झालीच असं नाही, आणि ५०१ आले म्हणजे घरात सुतक पाळायचं कारण नाही. हे मला पटकन पटलं, कारण दिवसभर मी असल्याच आकड्यांत असतो. बायकोला पटायला वेळ लागला.

लेकीचं लक्ष्य ५१० होतं. ५०२ आणि ५१० मधलं अंतर पट्ट्याच्या बरंच बाहेर, म्हणजे मेमध्ये बसून "बघू काय होतं ते" म्हणण्यासारखी परिस्थिती नव्हती. पण नुसतं अंतर आहे म्हणून ढकलायचं हेही अर्धवट उत्तर. ढकलल्याने मिळतो तो वेळ. वेळाने भरून निघणारे गुण कमी आहेत की वेळाने न भरणारे, हे आधी बघायला हवं.

त्यासाठी निकालाची विभागणी उपयोगी पडते. तिचे ५०२ असे होते: रसायन-भौतिक १२४, कार्स १२७, जीवशास्त्र १२६, मानसशास्त्र १२५. मी म्हटलं, चुकलेला प्रत्येक प्रश्न एक्सेलमध्ये टाक आणि तीनच रकाने कर. मला माहीतच नव्हतं. माहीत होतं, पण पॅसेजमध्ये हरवले. वेळ संपला. ती वैतागली ("बाबा, एव्हरीथिंग इज नॉट अ स्प्रेडशीट"), पण केलं. रसायन-भौतिकात पहिला रकाना खचाखच भरला. भिंगाची धन-ऋण चिन्हं. गॅल्व्हॅनिक सेलमध्ये ॲनोड ऋण आणि इलेक्ट्रोलायटिकमध्ये धन, हे तिच्या डोक्यात उलटंपालटं. पहिल्या वर्षी केलेलं भौतिकशास्त्र तिसऱ्या वर्षी उडून गेलेलं. मानसशास्त्रात तर निव्वळ शब्द माहीत नव्हते: कंडिशनिंगचे प्रकार, समाजशास्त्रातल्या विचारसरण्यांची नावं. तिने तो विषय कॉलेजात घेतलाच नव्हता. असले गुण पाच-सहा आठवडे बैठक मारली की येतात. कार्स तिचं मुळातच बरं होतं, लहानपणापासून वाचनाची आवड. म्हणजे ढकलण्यात अर्थ होता.

तिच्या मैत्रिणीचं चित्र नेमकं उलटं. तीन सेक्शन १२८-१२९ चे आणि कार्स १२३. चुकांमध्ये "माहीत नव्हतं" जवळपास शून्य. तिनेही ढकलली, थेट ऑगस्टपर्यंत, रोज कार्सचे उतारे सोडवले आणि कार्स होतं तिथंच राहिलं. अर्ज मात्र उशिरा पूर्ण झाला. तिला कुणी हे तीन रकाने करायला सांगितलं असतं तर मला वाटतं तिने मेमध्येच परीक्षा दिली असती.

कार्सबद्दल बोलतोच आहे तर जरा विषयांतर. एका संध्याकाळी मीही तो एक सेक्शन सोडवायला बसलो. नऊ उतारे, ५३ प्रश्न, ९० मिनिटं. पंचवीस वर्षं इंग्रजीतून मेल लिहितोय, एवढं काय त्यात! पहिला उतारा वास्तुकलेवरचा निघाला. लेखकाला ती इमारत आवडली की नाही, हे मला शेवटच्या ओळीपर्यंत कळलं नाही आणि प्रश्न नेमका तोच. चौथ्या उताऱ्यावर असताना अर्ध्याहून जास्त वेळ संपलेला. गुण इथं छापण्यासारखे नाहीत. ज्या पालकांना "नुसते उतारे तर वाचायचेत" असं वाटतं त्यांनी हा प्रयोग जरूर करावा, घरातलं वातावरण सुधारतं.

आता तारीख बदलण्याच्या सोयीकडे. परीक्षेच्या ६०, ३० आणि १० दिवस आधी अशा तीन पायऱ्या आहेत. ६० दिवसांच्या आधी बदललीत तर कमी पैसे, ६० च्या आत शिरलात की जास्त, ३० च्या आतल्या शेवटच्या टप्प्यात तर दोनशे डॉलरच्या आसपास. दहा दिवसांच्या आत आलात की संपलं. तारीख बदलत नाही, पैसे परत नाहीत. वर बदल जागा असेल तरच. उन्हाळ्यातल्या तारखा लवकर भरतात. आम्हाला जूनअखेरची तारीख मिळाली, पण गावातल्या सेंटरवर नव्हे, दोन तास लांबच्या. आदल्या रात्री मोटेलात मुक्काम करावा लागला, त्याचा खर्च वेगळा. म्हणून तीन तारे. नियम स्पष्ट आहेत, फसवणूक कुठे नाही, पण ज्याच्या खिशात आणखी दोनशे डॉलर नाहीत त्या पोराचं काय? कमी उत्पन्नाच्या घरांसाठी फी सवलतीची योजना आहे. लागू होत असेल तर पहिल्या दिवशीच अर्ज करावा. आधी भरलेल्या पैशांना ती लागू होत नाही.

या तीन पायऱ्या आणि सराव परीक्षा एकमेकांत बसवणं हाच सगळा खेळ आहे, आणि हे कुठल्याच माहितीपत्रकात ठळक लिहिलेलं दिसत नाही. बहुतेक मुलं अधिकृत परीक्षा "जपून" ठेवतात, शेवटच्या तीन आठवड्यांत सोडवायला. मग खरा आकडा कळतो तेव्हा ३० दिवसांची पायरी केव्हाच मागे पडलेली असते आणि निर्णय घ्यायचा तो घाबरून. फुकटची परीक्षा ६० दिवसांच्या आधी उरका, विकतची एक ३० दिवसांच्या आधी, एक १० दिवसांच्या आधी. राहिलेल्या हव्या तेव्हा. आम्ही ३० ची पायरी ओलांडायच्या आधी निर्णय घेतला. त्या शनिवारी ५०३ आले होते, वही आडवी फिरवूनही. चर्चा फार झाली नाही.

उशीर केल्याचं नुकसान किती, यावर घराघरात भांडणं होतात. म्हणून आम्हाला जे उपयोगी पडलं ते सांगतो. एमकॅटचा निकाल साधारण ३० ते ३५ दिवसांनी येतो. मेडिकलचा सामाईक अर्ज, एएमसीएएस, मेअखेर-जूनच्या सुरुवातीला पाठवता येतो आणि बहुतेक कॉलेजं येतील तसे अर्ज बघत, मुलाखतींना बोलावत जातात. त्यामुळे लवकर असणं फायद्याचं. पण अर्जाची छाननी एमकॅटच्या निकालासाठी अडून राहत नाही. लेकीने जूनमध्येच अर्ज भरला, पुढची परीक्षेची तारीख त्यात नोंदवली आणि सुरुवातीला एकाच कॉलेजचं नाव टाकलं. छाननी तिकडे चालू, अभ्यास इकडे चालू. निकाल आला, मग गुण बघून बाकीची कॉलेजं जोडली. मे ते जूनअखेर ढकलणं म्हणजे थोडा उशीर. सप्टेंबरपर्यंत ढकलणं म्हणजे निकाल ऑक्टोबरात, आणि तो फार उशीर. तिथं पुढच्या वर्षीच अर्ज करण्याचा विचार करावा.

दहा दिवसांच्या आत सापडलेल्यांसाठी दोन वाक्यं. परीक्षेच्या शेवटी स्क्रीन विचारतो की गुण मोजायचे की परीक्षा रद्द समजायची. रद्द केलीत तर गुण कॉलेजांना दिसत नाहीत, तुम्हालाही नाहीत. पण प्रयत्न मात्र मोजला जातो. गेलाच नाहीत तरी मोजला जातो. वर्षात तीन, सलग दोन वर्षांत चार, आयुष्यात सात, एवढीच मुभा आहे. शिवाय एकदा मोजलेले गुण अर्जासोबत सगळे जातात, चांगले तेवढे निवडून पाठवता येत नाहीत. त्यामुळे "आत्ता देऊन बघू, नाही जमलं तर पुन्हा" हा आपल्याकडचा सीईटीचा बाणा इथं महाग पडतो.

साडेचारच का, पाच का नाहीत? उत्तरांची स्पष्टीकरणं त्रोटक आहेत. बरोबर पर्याय का बरोबर हे सांगतात, तुमचा पर्याय का चुकला हे दरवेळी नीट सांगत नाहीत, आणि तिथं मात्र तो देखणा क्लास उजवा आहे. दुसरं, परीक्षा मोजक्याच आहेत. एकच दुसऱ्यांदा सोडवता येते, पण उतारे लक्षात राहतात आणि गुण फुगतात. तसल्या फुगलेल्या आकड्यावर तारीख ठेवू नये. लेकीने एक परत सोडवली तेव्हा ५१४ आले होते. ते आम्ही एक्सेलमध्ये टाकलेच नाहीत.

जूनमध्ये सोडवलेल्या शेवटच्या दोन नव्या सराव परीक्षांत ५०९ आणि ५१० होते. खरा निकाल त्याच पट्ट्यात आला, एक गुण वर. आजीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "पाचशे अठ्ठावीसपैकी पाचशे अकरा? मग रडत कशाला होती पोरगी?"

पॅकेज विकत घ्यायच्या विचारात असाल तर आधी फुकटची सोडवा. मग विकतच्या दोन घ्या, सगळ्या एकदम नको. राहिलेल्या तारीख पक्की झाल्यावर.